नाकातली दोरी सुटल्यावर

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजोबांना किंवा आजीला एक प्रश्न विचारा : "तुमच्या लहानपणी गावात अस्वल येत असे का?" माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूची पुष्कळ वडीलधारी माणसे या प्रश्नाने खुलतील. सुगी आटोपली की, किंवा जत्रेच्या दिवसांत, दरवेशी येत असे. खांद्याला झोळी, एका हातात डमरू, दुसऱ्या हातात काठी आणि दोरी, व दोरीच्या टोकाला काळेभोर केसाळ अस्वल. डमरू वाजले की अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राही, गिरकी घेई, पुढचा पाय कपाळाला लावून सलाम करी. पोरे दुरूनच आरडाओरडा करीत. एखादी आई आपल्या किरकिऱ्या मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवून घेई. त्यामुळे मुलाची भीती जाते अशी समजूत होती. अस्वलाचा केस ताइतात घालून तो मुलाच्या गळ्यात बांधला जाई. दरवेशाला पसाभर बाजरी नाहीतर चार आणे मिळत आणि तो पुढच्या गावाची वाट धरी.

आता दुसरा प्रश्न विचारा : "दोरी अस्वलाला कोठे बांधलेली होती?" येथे आजोबा जरा थांबतील. कोणी म्हणेल गळ्यात, कोणी म्हणेल तोंडाला. नाच सर्वांच्या लक्षात राहिला. दोरी कोणी निरखून पाहिली नाही. ती अस्वलाच्या नाकाडातून आरपार ओवलेली असे.

आता भारतातल्या रस्त्यांवर ही दोरी दिसत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ती कशी सुटली आणि सुटल्यावर त्या अस्वलांचे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. "सोडली असतील जंगलात," असे म्हणून आपण विषय संपवतो. माझ्या मते यातच आपली मोठी चूक होते. दोरी कापायला एक मिनिट लागते; त्यानंतरची काळजी अस्वलाच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत घ्यावी लागते. आणि ज्याच्या हातात दोरी होती त्या माणसाच्या पोटाची सोय लावल्याशिवाय ती दोरी कापताही येत नाही. या दोन गोष्टी या लेखात तुमच्यापुढे मांडायच्या आहेत.

माळावर अस्वल आले कोठून?

माण हा अस्वलाचा मुलूख नव्हे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. कोयना आणि चांदोलीच्या दाट रानात अस्वल आजही आहे. माणच्या उघड्या माळावर मात्र लांडगा, खोकड, ससा, चिंकारा यांचे राज्य. त्यामुळे येथल्या जत्रेत नाचलेले प्रत्येक अस्वल कोठल्या तरी दूरच्या जंगलातून, आईपासून तोडून आणलेले होते.

हे अस्वल म्हणजे भारतीय उपखंडातच आढळणारी एक जात आहे. इंग्रजीत तिला 'स्लॉथ बेअर' म्हणतात, आणि या नावामागे एक गंमत आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, तेव्हा लांब नख्या आणि विचित्र दात पाहून त्याने हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला लोंबणाऱ्या आळशी 'स्लॉथ'चा नातलग मानला. चूक पुढे सुधारली, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

या प्राण्याचे सारे शरीर वाळवी खाण्यासाठी घडलेले आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन पटाशीचे दात त्याला नसतात. त्या फटीतून ते हवा जोराने आत ओढते. आधी लांब, बाकदार नख्यांनी वारूळ फोडायचे, मग फुंकर मारून माती उडवायची आणि मग लांब ओठांची नळी करून वाळवी शोषून घ्यायची, अशी त्याची रीत. नाकपुड्या त्याला हवे तेव्हा मिटता येतात, म्हणजे धूळ आत जात नाही. वाळवीच्या जोडीला मुंग्या, मध, मोहाची फुले, बोरे, जांभळे, टेंभुर्णीची फळे. डोळ्यांपेक्षा त्याचा सारा भरवसा नाकावर. जमिनीखाली वाळवी कोठे आहे हे त्याला वासावरून कळते.

मादी गुहेत किंवा बिळात बहुधा एक वा दोन पिले देते. बाहेर पडू लागल्यावर पिले आईच्या पाठीवरचे दाट केस धरून बसतात आणि कित्येक महिने तशीच फिरतात. पुढे दोनेक वर्षे ती तिच्याबरोबर राहतात. कोणते वारूळ फोडावे, कोणते झाड कधी पिकते, वाघाची चाहूल लागली तर काय करावे, हे सारे शिक्षण या दोन वर्षांत होते. ही अस्वलाची शाळाच म्हणा ना.

नाच कसा शिकवीत?

दरवेशाकडे येणारे पिलू या शाळेत पुरते बसलेलेच नसे. शिकारी गुहा शोधून काही आठवड्यांची पिले पळवीत. आई आडवी आली तर तिला मारीत. पिलू थोडे मोठे झाले की तापलेल्या सळईने त्याचे नाकाड आरपार टोचले जाई आणि त्यातून दोरी ओवली जाई. ज्या अवयवावर या प्राण्याचे जगणे अवलंबून, जो मज्जातंतूंनी भरलेला आणि म्हणून सर्वांत हुळहुळा, तोच नेमका निवडलेला. सुळे पाडून टाकीत किंवा घासून बोथट करीत, नख्या कापीत.

आता नाचाचे शास्त्र पाहू. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचा प्रयोग तुम्ही वाचला असेल. कुत्र्याला अन्न देताना दर वेळी एखादा ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही त्याच्या तोंडाला पाणी सुटते. अस्वलाच्या बाबतीत अन्नाच्या जागी वेदना होती. डमरू वाजे, त्याच वेळी दोरीला हिसका बसे. दोरी वर ओढली की नाकाची कळ कमी करण्यासाठी अस्वल मागच्या पायांवर उभे राही. असे शेकडो वेळा झाले की डमरूचा आवाजच पुरे होई. लोक ज्याला नाच म्हणत, ती वेदना टाळण्याची धडपड होती. अस्वलाला संगीताची आवड होती असा याचा अर्थ कोणी काढला, तर तो पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा खायला आवडते असे म्हणण्यासारखे होईल.

कायदा होता, तरी सदतीस वर्षे का लागली?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. अस्वल पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा ठरला. आज हे अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची शिकार करणाऱ्याला ३ ते ७ वर्षे तुरुंगवास होऊ शकतो. पुढे १९९८ साली केंद्र सरकारने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यास मनाई केली. सर्कशीच्या मालकांनी या मनाईला न्यायालयात आव्हान दिले, पण २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

आणि तरीही १९९० नंतरच्या दशकात देशात सुमारे १,२०० अस्वले रस्त्यावर नाचत होती, असा अंदाज पाहणीतून काढण्यात आला. कलंदर समाजाकडचे शेवटचे ज्ञात नाचणारे अस्वल, त्याचे नाव राजू, बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा येथील निवारा केंद्रात आले ते डिसेंबर २००९ मध्ये. १९७२ पासून २००९ पर्यंत सदतीस वर्षे झाली. एवढा काळ का लागला, हा प्रश्न कोणाही विचारी विद्यार्थ्याला पडावा.

त्याला दोन कारणे होती. पहिले असे की, पोलिसांनी अस्वल जप्त केले तर ते ठेवायचे कोठे? प्राणिसंग्रहालये आधीच भरलेली. जंगलात ते जगणार नाही. मग अधिकारी डोळेझाक करीत, ते केवळ बेपर्वाईने असे म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे खरोखरच वाट नव्हती. दुसरे कारण त्याहून मोठे. अस्वल हेच त्या कुटुंबाचे एकमेव भांडवल होते. ते काढून घेतले की घरातली चूल विझे. मग तो माणूस कर्ज काढून दुसरे पिलू विकत घेई, म्हणजे जंगलात आणखी एक आई मरे. एक अस्वल सोडवण्याच्या भरात दुसरे अस्वल बंदिवान होई. नुसत्या जप्तीने हे चक्र थांबत नव्हते, उलट फिरत राहत होते.

उत्तर भारतात हा व्यवसाय करणाऱ्या समाजाला कलंदर म्हणतात. आपल्याकडे दरवेशी हे नाव रूढ आहे. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी या नावाखाली 'अस्वलवाले' असा स्पष्ट उल्लेख सापडतो. म्हणजे अस्वल ही या लोकांची केवळ कमाई नव्हती, ती त्यांची ओळखच होती. पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. जमीन नाही, शाळा नाही, गावात कायमचे घर नाही. अशा माणसाला "उद्यापासून हे बंद" एवढेच सांगणे सोपे आहे. "उद्यापासून काय करू?" या त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड.

हे उत्तर ज्यांनी शोधले त्यांत कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ साली स्थापन केलेली 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था प्रमुख आहे. उत्तर प्रदेशच्या वनविभागाबरोबर तिने आग्र्याजवळ सूर सरोवर पक्षी अभयारण्यात अस्वलांसाठी निवारा केंद्र उभारले. २००२ च्या अखेरीस तेथे पहिली अस्वले आली. पुढे बन्नेरघट्टा, भोपाळचे वनविहार आणि पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथेही केंद्रे झाली. या सगळ्यांत मिळून सहाशेहून अधिक नाचणारी अस्वले आणली गेली. पण त्यांच्या कामाचे मर्म केंद्र बांधण्यात जेवढे आहे तेवढेच त्यांनी कलंदरांशी केलेल्या करारात आहे. अस्वल स्वेच्छेने सोपवायचे, पुन्हा हा धंदा करणार नाही असे लिहून द्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात दुसऱ्या उद्योगासाठी भांडवल घ्यायचे. कोणी रिक्षा घेतली, कोणी दुकान टाकले, बायकांनी शिवणकाम धरले, मुले शाळेत जाऊ लागली. काही कलंदर तर त्या केंद्रांतच अस्वलांची देखभाल करणारे नोकर झाले. ज्या हातात दोरी होती त्याच हातात लापशीचे घमेले आले.

निवारा केंद्रात काय चालते?

अस्वल केंद्रात आले की प्रथम त्याला गुंगीचे औषध देऊन दोरी कापतात आणि जखम धुतात. पुष्कळदा ही जखम वर्षानुवर्षे चिघळलेली असते. मग तपासणी. वर्षे न्‌ वर्षे रोटी आणि पातळ दूध यांवर जगल्यामुळे हाडे व स्नायू दुबळे झालेले असतात. मोडलेल्या दातांच्या मुळांत पू झालेला असतो. कित्येकांना मोतीबिंदू किंवा पुरते अंधत्व असते. माणसांच्या गर्दीत राहिल्यामुळे काहींना क्षयरोगाची लागण झालेली असते. म्हणून नव्या अस्वलाला काही काळ इतरांपासून वेगळे ठेवतात. पशुवैद्य त्याचे दात काढतात, जंतांवर औषध देतात, डोळ्यांवर शस्त्रक्रिया करतात.

शरीर सावरायला काही महिने लागतात. मन सावरायला त्याहून अधिक. केंद्रात येऊन बरेच दिवस झालेले अस्वलही कधी कधी एकाच जागी उभे राहून डावीकडे-उजवीकडे झुलत राहते, किंवा त्याच त्याच वाटेने तासन्‌तास येरझारा घालते. प्राणिशास्त्रज्ञ याला साचेबद्ध वर्तन म्हणतात. दीर्घ बंदिवास, कंटाळा आणि ताण यांची ती खूण असते. प्राणिसंग्रहालयात असे झुलणारे अस्वल पाहून "बघा, नाचतेय!" म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. पुढच्या वेळी तुमच्या शेजारी कोणी असे म्हणाले, तर त्यांना खरे कारण सांगा.

यावर उपाय काय? अस्वलाला काम देणे. रानात ते जागेपणीचा बहुतेक वेळ अन्न शोधण्यात घालवते. आयते ताट पुढे आले की त्याला दिवस खायला उठतो. म्हणून कर्मचारी मध लाकडाच्या भोकांत लपवतात, फळे झाडाच्या फांद्यांवर टांगतात, खजूर मातीत पुरतात. आवारात झाडे असतात, खणायला माती असते, डुंबायला डबके असते. उन्हाळ्यात टरबुजे मिळतात. जन्मभर दोरीच्या लांबीएवढेच जग पाहिलेले अस्वल पहिल्यांदा झाडावर चढते, ते कधी कधी कित्येक महिन्यांनी.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न : एवढे बरे झाल्यावर त्याला जंगलात का सोडत नाहीत? उत्तर वर येऊन गेलेच आहे. सुळे नाहीत, नख्या नाहीत, म्हणजे वारूळ फोडता येणार नाही आणि वाघापासून बचावही करता येणार नाही. आईजवळची दोन वर्षांची शाळा बुडालेली. शिवाय माणसाची भीती उरलेली नाही. असे अस्वल भूक लागली की सरळ गावात येईल. अस्वलाच्या हल्ल्यात माणसे जखमी होण्याचे प्रकार विदर्भात अधूनमधून घडतातच; त्यांत भर पडेल, आणि शेवटी मरेल ते अस्वलच. तेव्हा त्याला सोडून देणे ही दया नव्हे, ती आपली जबाबदारी झटकण्याची सोपी युक्ती आहे.

माणच्या मुलांना हे समजायला अवघड जाऊ नये. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण तालुक्यात जनावरांच्या चारा छावण्या उघडल्या होत्या. छावणी म्हणजे काही खिलार बैलाचे घर नव्हे. त्याचा गोठा, त्याचे शिवार वेगळे. पण चारा-पाणी नाही तोवर त्याला जगवायचे तर छावणीच हवी. पाऊस पडला की बैल घरी जातो. अस्वलाचे निवारा केंद्र ही अशीच एक छावणी आहे. फरक इतकाच की, या अस्वलांसाठी पाऊस कधी पडायचा नाही; त्यांना अखेरपर्यंत छावणीतच राहायचे आहे. बंदिवासात अस्वल तीस वर्षांपर्यंतही जगू शकते. तोवर रोजचे अन्न, औषध आणि माणूस लागतो.

सुटका केली आणि पुढची तयारी नसली तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या नेपाळमध्ये घडले. डिसेंबर २०१७ मध्ये तेथे रंगीला आणि श्रीदेवी या दोन नाचणाऱ्या अस्वलांची सुटका झाली. जगभर त्याचे कौतुक झाले. त्यांना काठमांडूच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले आणि तेथे श्रीदेवी दगावली. रंगीला एकटा पडला, बेचैन होऊन येरझारा घालू लागला. अखेर बरीच खटपट होऊन जुलै २०१८ मध्ये त्याला आग्र्याच्या केंद्रात आणले गेले. सुटकेचे छायाचित्र छापून येते तेव्हा गोष्ट संपलेली नसते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

ही अडचण केवळ आपल्याच बाजूची आहे असे नाही. युरोपात बल्गेरियामध्येही नाचणाऱ्या अस्वलांची परंपरा होती. तेथे २००० साली बेलित्सा या गावाजवळ डोंगरात अस्वलांसाठी मोठे आवार राखले गेले आणि २००७ साली त्या देशातली शेवटची नाचणारी अस्वले तेथे आली. आधी जागा, मग सुटका, हाच क्रम तेथेही उपयोगी पडला.

दोन आक्षेप

हा विषय वर्गात निघाला की दोन आक्षेप हमखास येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला असा : "दरवेशी अस्वलाला लेकरासारखे सांभाळीत. त्यांना क्रूर का म्हणायचे?" त्यांना एकट्यांना क्रूर म्हणू नये, हे मला मान्य आहे. अस्वल सोपवताना रडलेल्या कलंदरांच्या हकिगती प्रसिद्ध आहेत आणि त्या खोट्या मानण्याचे कारण नाही. पण माया असली म्हणून नाकातली जखम दुखायची थांबत नाही. आणि दोरीचे एक टोक दरवेशाच्या हातात होते, तर दुसरे आपल्या हातात होते, हे कसे विसरता येईल? पसाभर बाजरी आपण घातली. ताइतासाठी केस आपण मागितले. पोराला पाठीवर आपण बसवले. पाहणारे नसते तर नाच नसता. तेव्हा कायद्याने बंदी घालून सारा दोष एका भटक्या, गरीब जमातीच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. समाजाने मिळून चूक केली; तिची भरपाईही समाजानेच केली पाहिजे, अस्वलाचीही आणि दरवेशाचीही. उत्तरेकडच्या कलंदरांची मुले शाळेत गेली, हे मला अस्वलांच्या सुटकेइतकेच मोठे काम वाटते.

दुसरा आक्षेप माणसारख्या भागात अधिक बोचतो : "आमच्याकडे प्यायचे पाणी टँकरने येते, आणि तिकडे अस्वलांना मध आणि टरबुजे?" हा राग मी समजू शकतो. पण याचे उत्तर छावणीनेच दिले आहे. दुष्काळात माणसे स्वतः अर्धपोटी राहिली, तरी जनावर खाटकाला देताना त्यांचा हात थरथरला. जे आपल्या दावणीला बांधले गेले त्याची जबाबदारी आपली, ही समज या मातीतली आहे. अस्वलाला आपणच दोरीला बांधले, मग ते वेगळे कसे? शिवाय हा खर्च कायमचा नाही. नवी पिले पकडली गेली नाहीत तर केंद्रातली जुनी अस्वले म्हातारी होऊन जातील आणि एक दिवस नाचणाऱ्या अस्वलांसाठी बांधलेले आवार रिकामे होईल. शाळा भरली की मास्तरांना आनंद होतो. असे आवार मात्र ओस पडले की आनंद मानावा.

आपल्या हातात काय आहे?

तुम्ही म्हणाल, आता अस्वले नाचत नाहीत, मग आम्ही काय करायचे? तर मित्रांनो, रानातले पिलू उचलून आणण्याची आपली सवय अजून गेलेली नाही. माळावर सशाचे पिलू, लांडग्याचे किंवा खोकडाचे पिलू दिसले की "बिचारे पोरके झाले" म्हणून मुले ते घरी आणतात. बहुतेक वेळा ते पोरके नसते. आई चाऱ्यापाण्याला गेलेली असते. आपण ते आणले की मात्र ते खरेच पोरके होते. चार दिवस दूध पाजून मग त्याला माळावर सोडले तरी ते जगत नाही. अस्वलाच्या पिलाची जी कथा, तीच येथे लहान प्रमाणात घडते.

याउलट काय करता येते ते पश्चिम महाराष्ट्रातच पाहायला मिळते. ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिले सापडतात. पूर्वी ती उचलून नेत आणि जन्मभर पिंजऱ्यात ठेवण्याची वेळ येई. आता जुन्नर, कराड या भागांत वनविभागाचे कर्मचारी व पशुवैद्य पिले तपासून त्याच फडात, त्याच जागी, संध्याकाळी एखाद्या खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात. माणसे दूर होतात, कॅमेरा लावतात आणि वाट पाहतात. रात्री मादी येते आणि पिलू तोंडात धरून घेऊन जाते. एका रात्रीचा धीर धरला की पंधरा-वीस वर्षांचा पिंजरा वाचतो. सुटकेचा याहून चांगला प्रकार मला माहीत नाही.

तेव्हा रानातले पिलू दिसले तर हात लावू नका. जागा लक्षात ठेवा, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. केसाचे, नखाचे, दाताचे ताईत विकणारा जत्रेत भेटला तर घेऊ नका, आणि घरच्यांनाही घेऊ देऊ नका. त्या एका केसासाठी कोठे तरी एक प्राणी मेलेला किंवा बांधलेला असतो. शिक्षकांना माझी विनंती आहे की, भटक्या जमातीतले एखादे मूल वर्गात असेल, तर हा पाठ घेताना त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळणार नाहीत याची काळजी घ्यावी. त्याच्या आजोबांनी जे केले ते आपल्या आजोबांनी पैसे देऊन पाहिले होते, हेही त्याच तासाला सांगावे.

आणि आजोबांना विचारायचा तो दुसरा प्रश्न विसरू नका. ते थोडे थांबतील, आठवू लागतील. त्यांना दोष देऊ नका; त्या काळी हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपल्याला ते कळले आहे, म्हणून आपली जबाबदारी त्यांच्यापेक्षा मोठी आहे.